टाकीवरची छत्रीवाली

माझ्या जाऊबाईंशी बोलताना नवा माणूस हमखास गोंधळायचा. आपलं बोलून झालं तरी त्या लगेच उत्तर देत नसत. श्वासभर थांबत, आपल्याकडे बघत, आणि मग बोलत. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मला वाटलं, बाईंना माझं काहीच पटत नाहीये. पहिला आठवडा मी मिठाची बरणीसुद्धा त्यांना विचारून उघडली.

खरा प्रकार सासूबाईंनी सांगितला. "अगं, तिचा नवरा आभाळातून बोलतो. तिला तीच सवय लागलीये."

मोठे दीर, म्हणजे भाऊजी, मालवाहू जहाजावर इंजिनाचे फिटर. भर समुद्रात साधा मोबाइल कुठला लागायला! जाड दांडीचा सॅटेलाइट फोन घेऊन ते डेकवर उभे राहायचे. तो फोन ज्या उपग्रहावर चालायचा, त्याचं चित्र जाऊबाईंच्या कपाटाला आतून चिकटवलेलं होतं. दोन लांब पंख आणि भलीमोठी जाळीची छत्री. हातातल्या एवढ्याशा फोनचा आवाज इतक्या लांबून टिपायचा तर छत्री मोठीच हवी, असं भाऊजींनी समजावलेलं. जाऊबाई तिला 'छत्रीवाली' म्हणत, जणू लांबची एखादी नणंदच. "आज छत्रीवालीचं नाक वर आहे, आवाज नीट देत नाहीये."

आवाज तिच्यापर्यंत जाऊन खाली यायचा, त्यात एक क्षण जायचाच. घाई केली की दोघं एकदम बोलत, एकदम थांबत, आणि "तू बोल", "नाही, तुम्ही बोला" यातच फोन संपायचा. मग जाऊबाईंनी शिस्तच लावून घेतली. त्या एका दुकानासाठी पडदे शिवायच्या. फोन वाजला की शिलाई मशीनच्या चाकावर तळवा टेकवून ते थांबवायचं, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करायचं (छत्रीवाली म्हणे तिथेच वर, एका जागी उभी होती), अख्खं वाक्य बोलायचं, शेवटी "बोला" म्हणायचं आणि थांबायचं. मुलीचं पहिलं पाऊल, गळकी गच्ची, पुढे सासूबाईंचं जाणं, सगळं त्या टाकीकडे बघून सांगितलं गेलं. "उद्या अर्धा लिटर जास्त द्या. बोला," असं त्यांना दूधवाल्याला म्हणताना मी ऐकलंय.

भाऊजी नोकरी संपवून कायमचे घरी आले, तेव्हा मला वाटलं, आता यांच्या गप्पांना ऊत येणार. कसलं काय!

"पाणी तापलं का? बोल."

चाकावर तळवा. शांतता.

"तापलं. बोला."

हातभर अंतरावर बसलेली दोन माणसं, आणि मधे अख्खा समुद्र.

एकदा कापड बेतताना जाऊबाई म्हणाल्या, "माणूस घरी आलाय गं, पण अजून लागत नाहीये. मला ना, यांच्याशी एकदा कडकडून भांडायचंय. पण भांडायला मधे तोंड घालावं लागतं, ते आम्हाला दोघांनाही येत नाही." हसल्या खऱ्या, पण कात्री कापडावर तशीच थांबली होती.

"मी लावून देऊ का एखादं भांडण?"

"तू राहू दे. तुमचं रोज ऐकतोय आम्ही भिंतीपलीकडून."

बरेच महिने असेच गेले. एका सकाळी मी त्यांच्याकडे सुई मागायला गेले होते. भाऊजी पेपर वाचत होते, मशीन चालू होतं.

"छत्रीवाली रिटायर झाली बघ. म्हातारी झाली, कंपनीने तिला जागेवरून आणखी वर सरकवून बंद केलं. आता तिच्याहून मोठी आलीये, साधा मोबाइलही तिच्यावर लागेल म्हणे. बोल."

जाऊबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे आता टाकीवर कुणीच–"

"टाकीवर कशाला? ती तिकडे, लाल गच्चीच्या–"

"तुम्हीच सांगितलंत टाकीवर!"

"टाकीच्या उजवीकडे म्हटलं होतं मी–"

"कुणाच्या उजवीकडे? तुमच्या की माझ्या?"

"खिडकीत उभं राहिल्यावर उजवीकडे म्हणजे–"

"मग इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होते?"

"पाण्याच्या टाकीशी!"

"तिने तरी मला कधी मधेच तोडलं नाही!"

एवढं बोलून त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. भाऊजी मात्र बोट लांब करून लाल गच्ची दाखवतच होते. जाऊबाईंचा पाय मशीनवर चालूच होता, चाकावर तळवा गेलाच नव्हता, आणि पडद्याची शिवण काठ सोडून भलतीकडे पोचली होती. त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले, तोंडभर हसू.

"ऐकलंस? मला मधेच तोडलं यांनी."

तो पडदा दुकानात गेलाच नाही, त्याच खिडकीला लागला. आम्ही ते घर सोडूनही आता खूप दिवस झाले. आठवण आली की मी फोन लावते. तिकडून दोघं एकदम बोलतात, कुणाचंच धड काही कळत नाही. मी आपली ऐकत बसते.