आधी हात, मग डोळा

"आधी हात, मग डोळा," असं म्हणत राव पिशवीतून कोयता काढायचे. खाडीवर पोचल्यावर आम्ही पाच-सहा पक्षीनिरीक्षक दुर्बिणी पुसत असू, तोवर हा सत्तरीचा माणूस लुंगी खोचून चिखलात उतरलेला असे. पक्षी धरायला बांबूंवर ताणलेली जाळी फाडल्याशिवाय एकही पक्षी बघायचा नाही, हा त्यांचा नेम.

बँकेनं माझी बदली चेन्नईला केली आणि वेलचेरीत शेजारी मराठी बोलणारं माणूस मिळालं म्हणून मी हरखले होते. रावांची मराठी तंजावरची, पिढीजात. उभा जन्म संरक्षण कारखान्यात गेलेला. राग इतरांच्या नाकावर असतो, यांच्या मनगटात होता. पाखरांच्या थव्यात फटाका फेकणाऱ्या एका सहलकऱ्याला त्यांनी अशी थोबाडीत दिली की त्याचा दात पडला. "पाहूं नको अम्मा, पुढं चल," एवढंच मला म्हणाले.

एकदा जाळ्यात तुतवार, चिखलात टिपणारा इवलासा पक्षी, लटकत होता, दोन्ही पंख मोडून उलटे झालेले. रावांनी त्याला ओंजळीत घेतलं, डोक्यावरून अंगठा फिरवला आणि मान पिरगळली. मग चिखलातच बसून रडले. मला त्यांची भीती वाटायची आणि मायाही.

फेब्रुवारी सरत आला होता, पक्षी परतीला लागायचे दिवस. पहाटेच्या धुक्यात बांबूंवर जाळं दिसलं आणि रावांनी धावत जाऊन सपासप कोयता चालवला. ते एका कोळ्यानं वाळत घातलेलं मासळीचं जाळं होतं. तो झोपडीतून वल्हं घेऊन आला आणि त्यानं ते सरळ रावांच्या तोंडावर हाणलं. डाव्या डोळ्यातलं रक्त हनुवटीपर्यंत आलं. आमच्यातल्या दोघांनी कोळ्याला खाली पाडून लाथा घालायला सुरुवात केली. मीही दगड उचलला होता.

राव त्याच्या अंगावर आडवे पडले. दोन लाथा त्यांनाच बसल्या. "अडिक्कादे, मारूं नका," ते ओरडले. मग फाटकं जाळं माझ्यापुढे धरलं. "वास घे अम्मा. मासळीचं जाळं हें. पहिला वार माझा."

डोळा गेला. पोलिसांत जायला त्यांनी साफ नकार दिला. पट्टी सुटल्यावर ते बसनं खाडीवर जाऊ लागले, त्या कोळ्याशेजारी बसून जाळं सांधायला. सुई बोटात घुसायची. तो सुरुवातीला नुसता दोरा पुढे करी. जाळं पुरं झालं तेव्हा राव कोयता त्याच्याच झोपडीत ठेवून आले.

गेल्या पावसाळ्यात राव झोपेतच गेले. इतकं शांत मरण त्यांना शोभलं नाही, असं मला अजून वाटतं.

या फेब्रुवारीत मी एकटीच खाडीवर गेले. कोळी गुडघाभर चिखलात उभा होता. हातात रावांचा कोयता, पायाशी पक्ष्यांच्या कापलेल्या जाळ्याचा गुंता. त्यानं माझ्या मागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, "रायर नाही आले?" रावांना तो रायर म्हणे.

मी नकारार्थी मान हलवली. पुढच्या बांबूवर त्यानं असा घाव घातला की बांबू जाळ्यासकट आडवा झाला.

मी दुर्बीण पिशवीत ठेवली, सलवार वर खोचली आणि चिखलात उतरले.