वाणातलं पत्रक

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आबा सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका डाईंग कारखान्यात कामाला होते आणि कामगारांच्या संघटनेतही. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले आणि पुढची बाजू वाचत मराठी शिकले, कारण शाळा गुजराती होती. त्यामुळे कुठलीही गोष्ट स्वच्छ छापून लोकांच्या हातात दिली की लोक जागे होतात, यावर माझा बरीच वर्षं विश्वास होता. अजूनही आहे, पण आता त्यात एका कात्रीचा वाटा आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी अंतर्गत तक्रार समितीवर विद्यार्थी सदस्य होते. लैंगिक छळाची तक्रार आली की चौकशी करायची ती ही समिती. प्रत्येक कॉलेजात ती असलीच पाहिजे, असा नियम आहे. आबांनी ही बातमी गल्लीभर केली. "आमची पोर कमिटीत आहे," असं ते पानाच्या टपरीवरसुद्धा सांगायचे. मी मात्र त्या वर्षात एक गोष्ट पाहिली आणि तिची चीड माझ्या मनातून गेली नाही. आमच्या भागातली बहुतेक कुटुंबं खानदेशातून आलेली; तिथल्या पोरींच्या बाबतीत काही झालं की समितीकडे कोणी येत नसे. आईबाप थेट ऑफिसात जाऊन एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढत. पोरीला खानदेशात मामाच्या गावी पाठवत. गल्लीत सांगत, "तिकडं आजी आजारी आहे." ज्याने छळलं तो तिथेच राही आणि पोरीचं कॉलेज संपे. आमच्याकडे याला शहाणपण म्हणतात.

म्हणून पदवी झाल्यावर मी पत्रक काढलं, खास आईवडिलांसाठी. वर ठसठशीत अक्षरांत 'महाविद्यालयातील लैंगिक छळ आणि पालकांचे कर्तव्य'. खाली कलमं, नियम, मुदती. संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. त्या वर्षीचं वाण म्हणजे स्टीलची वाटी. प्रत्येक वाटीत मी एकेक पत्रक घडी करून ठेवलं. बायका आल्या, हळदीकुंकू घेतलं, तिळगूळ खाल्ला, वाट्या पिशवीत टाकल्या. कोणी पत्रक परत केलं नाही. मी खूश झाले.

संध्याकाळी आईने सतरंजी उचलली. खाली पत्रकंच पत्रकं. उठता उठता एकेकीने हळूच सरकवलेली.

माझा पारा चढला. "या बायकांना स्वतःच्या पोरींची पर्वा नाही!"

आई सतरंजी झटकत म्हणाली, "पर्वा आहे म्हणूनच ठेवली. हा कागद ज्या घरात सापडला, त्या घरात काहीतरी झालं असं लोक म्हणतील. तू वर एवढं मोठं लिहिलंस. कुणाच्या सासूने पाहिलं तर?"

आबा चष्मा पुसत हसत होते. "आमची पत्रकं लोक वडे बांधायला तरी नेत. तुझी त्यालाही चालली नाहीत."

मी रागाने पत्रकं गोळा केली. मोजली. एक कमी होतं. पुन्हा मोजली. एक कमीच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या घरातल्या मावशींनी हाक मारली. आमच्या गल्लीत दुपारी सगळ्या बायका उंबऱ्यात बसून साड्यांचे धागे कापतात. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या उलट्या बाजूला धाग्यांचे शेपटे लोंबत राहतात. ते छोट्या कात्रीने काढायचे. मावशींच्या मांडीवर जांभळी साडी होती आणि गठ्ठ्याखाली माझं पत्रक.

"तुना कागदवर गंज मोठा शब्द शेतस," त्या अहिराणीत म्हणाल्या; गंज म्हणजे खूप. "माले तोंडी सांग. आणि ही कात्री घे, नुसती बसू नको."

मी बसले. धागे कापताना नजर कापडावरून हलवता येत नाही, नाहीतर साडीलाच कात्री लागते. आम्ही दोघी खाली बघूनच बोललो. समोरासमोर बघून त्या हे बोलल्या असत्या, असं मला वाटत नाही.

त्यांनी सगळ्यात शेवटी जे सांगितलं, ते आधी सांगते : त्यांची मुलगी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीनंतर एक सर तिला फोनवर नको ते लिहू लागले होते. जर्नल तपासायला एकटीच ये, नाहीतर इंटर्नल मार्क माझ्या हातात आहेत, असंही लिहिलं होतं. मुलीने आठवडाभर कॉलेज बुडवल्यावर हे बाहेर आलं. काकांनी, म्हणजे मावशींच्या नवऱ्याने, दोन दिवसांत निर्णय घेतला होता. शनिवारी एलसी, रविवारी नंदुरबारकडची गाडी. त्या दिवशी गुरुवार होता.

"कमिटीत कोण बसतं?" मावशींनी सुरुवातीला एवढंच विचारलं.

"अध्यक्ष एक सीनियर बाई असतात, प्रोफेसर. काही शिक्षक, ऑफिसातले काही जण, विद्यार्थी, आणि एक माणूस कॉलेजच्या बाहेरचा."

"म्हणजे सगळ्या कॉलेजला कळलं."

"नाही मावशी. नाव बाहेर काढायचं नाही, असा नियम आहे."

"नियम!" मावशींनी धागा दातानेच तोडला. "बरं, तू होतीस ना कमिटीत? मग मागच्या गल्लीतली ती चष्मेवाली, तिचं काय झालं होतं? एकाएकी कशी गावी गेली?"

"ते मी नाही सांगणार."

"अगं, मी कुणाला सांगतेय?"

"तरी नाही."

"तुझ्या आईला तरी सांगितलंस की नाही?"

"नाही."

"आबांना?"

"त्यांना सांगितलं असतं तर ते टपरीवर गेलं असतं."

मावशी हसल्या. पण सोडेनात. ती समितीकडे आली तरी होती का, मुलगा कोण होता, आपल्यातलाच का? मी एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. मला वाटलं, या रुसणार आणि उठून जाणार. शेवटी त्यांनी कात्री खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"नहीच सांगस ना?"

"नाही."

"मंग ठीक शे. आते मनी पोरनं सांगस."

आता त्या आपल्या पोरीचं सांगणार होत्या. तेव्हा कळलं, की त्या चष्मेवालीत त्यांना रस नव्हताच. माझ्या पत्रकात 'गोपनीयता' हा शब्द तीन वेळा छापलेला होता. त्यावर त्यांचा काडीचा विश्वास बसला नव्हता. त्यांनी नियम स्वतः तपासून पाहिला होता, जसा त्या साडीचा धागा ओढून पाहतात.

मग मी कलमं सोडली आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. तक्रार कोणी लिहायची? मुलीने, तिच्या शब्दांत. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची. किती दिवसांत? शेवटचा प्रकार झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. म्हणजे अजून वेळ आहे. मेसेज पुसले तर? पुसायचे नाहीत, फोन जपून ठेवायचा. सर नापास करेल? चौकशी चालू असताना तिचे पेपर दुसऱ्याने तपासावेत, सरांनी तिच्याशी बोलू नये, असं मागता येतं. पोलिसांत जावं लागेल? जायचं तर कधीही जाता येतं, कोणी अडवू शकत नाही; पण जायचं की नाही ते तुमच्या मुलीने ठरवायचं. तिला झोप येत नाही, त्याचं काय? कॉलेजात समुपदेशक आहेत, त्यांच्याशी बोलता येईल. शेवटी मावशींनी विचारलं, "आणि मी आत तिच्याजवळ बसू शकते?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "विचारू."

"चला, काहीतरी तुला ठाऊक नाही म्हणजे बाकीचं खरं असेल," मावशी म्हणाल्या.

शुक्रवारी पाळी बदलून काका घरी आले तेव्हा मावशींनी मला बोलावून घेतलं. काका यंत्रमागावर काम करतात, ताण्याच्या धाग्यांचे जड बीम चढवतात-उतरवतात, कमी बोलतात. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तू शिकेल शे, बेटा. पण लोके काय म्हणतीन? पोरनं लगन करनं शे."

माझ्या तोंडात पाच घोषणा तयार होत्या. मावशींनी एकही बाहेर पडू दिली नाही.

"मागवर एक तार तुटना तर तुम्ही आख्खा बीम उतारी टाकतस का?"

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगा ना. टाकतस?"

"नही."

"गाठ मारतस आणि माग चालू करतस. मग मनी पोरनी काय चूक शे, की तिलेच उतारी टाकनं?"

मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. काका तिच्याकडे वळले. "तुले काय करनं शे?" त्या घरात आठ दिवसांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "माले परीक्षा देनी शे." आणि रडायला लागली. काका उठले आणि तिला पाणी आणून दिलं. मी आबांच्या अनेक सभा पाहिल्या आहेत. त्या घरातल्या त्या पाच मिनिटांइतका अभिमान मला कुठल्याच सभेत वाटलेला नाही.

शनिवारी आम्ही तिघी कॉलेजात गेलो. ऑफिसच्या दारातल्या शिपायाने मावशींची नऊवारी पाहिली आणि न विचारताच खिडकी दाखवली. "एलसी? उधर."

"एलसी नही चाहिए," मावशी मोठ्याने म्हणाल्या. "कम्प्लेन देनी है."

समितीच्या अध्यक्ष बाईंनी आम्हाला आपल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि आधी मुलीला विचारलं, आई आत असलेली चालेल का. ती हो म्हणाली. म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. मुलीने गुजरातीत लिहिलेली तक्रार त्यांनी पूर्ण वाचली, मध्ये एकदाही थांबल्या नाहीत. मग पुढे काय होईल ते टप्प्याटप्प्याने सांगितलं. मावशींना अर्धं समजलं. न समजलेलं त्यांनी तिथेच पुन्हा विचारलं, आणि बाईंनी पुन्हा सांगितलं. निघताना मी आबांचा नियम काढला : पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. बाईंनी दुसऱ्या प्रतीवर सही करून शिक्का दिला. मावशींनी तो कागद ब्लाउजमध्ये ठेवला, जिथे त्या घराची किल्ली ठेवतात.

रविवारची गाडी तिच्याशिवाय गेली. सोमवारी ती वर्गात होती. जर्नल दुसऱ्या मॅडमकडे गेलं. चौकशीत तिला चार वेळा बोलावलं, आणि त्यातल्या दोन दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. हे सोपं होतं असं मी कुणाला सांगणार नाही. निकाल काय लागला, तो मी इथे लिहिणार नाही. का नाही, ते वाचकाला आता ठाऊक आहे. ती तिसऱ्या वर्षाला आहे आणि हे लिहायला तिची परवानगी आहे, एवढं पुरे.

पत्रक मी पुन्हा छापलं. वरचा मथळा मावशींनी खोडायला लावला. "पोर कॉलेजात आहे का? असं लिही. पोर तर सगळ्यांचीच असते. मग कोणीही उचलेल." यंदाच्या हळदीकुंकवाला सतरंजीखाली तीनच सापडली.

पण खरं काम त्या उंबऱ्यात चालतं. परवा दुपारी मी गेले तेव्हा मावशींजवळ डिंडोली भागातली एक बाई बसली होती. मी तिला ओळखत नव्हते. तिच्या मांडीवर साडी, हातात कात्री. तिने हळूच मावशींना विचारलं, "तुमनी पोरनं मंग काय व्हयनं?"

मावशींनी नजर वर केली नाही.

"ते मी सांगत नही," त्या म्हणाल्या. "तू तुनं सांग."