कथा हातानं परत करणारे शेठजी

शेठजींची रीत ठरलेली. कथा दोन्ही हातांत धरायची, जरासं पुढं वाकायचं आणि म्हणायचं, "बिलकुल बराबर हाय. पन..." हा 'पन' ज्याच्या कानावर पडला, त्याची कथा परत आली असं समजायचं. तुमच्यापैकी ज्यांनी जालन्याच्या आसपास कधी चोरून का होईना कथा लिहिली असेल, त्यांनी तो ऐकलाच असणार. लाजू नका. मीही ऐकलाय.

आमचं त्रैमासिक नवीन जालन्यात, शेठजींच्या बियाण्याच्या दुकानामागच्या खोलीतून निघायचं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले. घरात मारवाडी, बाजारात हिंदी आणि कथा मात्र मराठी. कुणी विचारलं, "शेठ, यात फायदा काय?" तर म्हणायचे, "दिवसभर फायदाच पाहून राह्यलो ना दुकानात. मंग मागच्या खोलीत पन तेच करू?" खोलीत कथांचे गठ्ठे कपाशीच्या बियाण्याच्या थैल्यांना टेकून असत. बियाण्याला कीड लागू नये म्हणून लावलेली गुलाबी पावडर कागदांवर उतरायची. त्यामुळं कथा परत आल्याचं लपवणं लेखकाला अवघड जाई. बोटं गुलाबी व्हायची.

नापसंत कथा ते पोस्टानं धाडत नसत. एसटीत बसून स्वतः परत करायला जात. "माणसानं जीव लावून लिवलेलं असतं. पाकिटात घालून तोंडावर फेकायचं का?" पुढं मोबाइलवर कथा यायला लागल्या तेव्हा मला वाटलं, सुटले बाई एकदाचे शेठजी. पण शेठजींनी तसली एक कथा कागदावर छापून घेतली आणि घनसावंगीच्या पुढं एका खेड्यात परत द्यायला गेले. लेखक म्हणाला, "शेठजी, ही माझ्या मोबाइलमध्ये आहेच की." हे म्हणाले, "असू दे. हातात दिल्याबिगर परत केल्यासारखं वाटत न्हाई."

माझ्याकडंही ते असेच आले होते. तेव्हा मी अंबडला शाळेत शिकवत होते आणि स्वतःला फार मोठी लेखिका समजत होते. शेठजी रविवारी भेटायला येणार असा निरोप आला. संपादक घरी येतो म्हणजे सत्काराशिवाय दुसरं काय असणार? मी रेशमी साडी नेसले. बासुंदी आटवली. शेजारणीला मुद्दाम बोलावून बसवलं, म्हणजे तिचा जळफळाट जागेवरच व्हावा. शेठजी पोटभर जेवले. हात धुतले. मग पिशवीतून माझी कथा काढली आणि पुढं वाकले.

"बिलकुल बराबर हाय, बाई. पन अंबडला समुद्र कुठून आला?"

माझी नायिका पानोपानी समुद्राकडं पाहत उसासे टाकत होती. समुद्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. शेजारीण पदर तोंडाला लावून हसत होती. मग मी जी तोंड सोडून भांडले, ती बासुंदीचं पातेलं गार होईपर्यंत भांडले. शेठजी उठताना म्हणाले, "इतकं झकास भांडता तुम्ही. मंग ते कथेत का न्हाई आलं?"

पुढं बदली होऊन मी जालन्याला आले आणि आलेल्या कथा वाचायला त्यांच्या खोलीत जाऊन बसले. अजून तिथंच बसते.

भांडण त्यांना का आवडायचं, हे त्यांच्या बायकोला भेटल्यावर कळलं. आम्ही त्यांना भाभी म्हणायचो. दुकानाच्या वरच घर. कथा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला भाभी चहा द्यायच्या आणि चहाबरोबर चार शब्दही. "लोकांच्या बायका सोनं मागून राह्यल्या. मी म्हनते, एक दिवस घरात कागद आनू नका." किंवा नव्या लेखकाला थेट, "लगन झालं का? न्हाई? मंग कशावर लिवतोस रे?" शेठजी खालून ओरडायचे, "अगं, लेखक हाय तो!" वरून उत्तर यायचं, "दिसतंच हाय. कप धरून बसलाय, चहा प्यायचा इसरून."

भाभी तीन वर्षांमागं गेल्या. आजार फार लांबला नाही. दवाखान्यात शेवटी मी आणि शेठजी होतो. त्यानंतर ते खोलीत येऊन बसत, पण कथा हातात घेऊन नुसतेच बसत. कुठं परत करायलाही जात नसत. सगळ्या फेऱ्या मीच करू लागले.

अशात दिवाळी अंकाच्या तोंडावर माझ्या घरी पोस्टानं एक कथा आली. पाकिटावर अक्षर शेठजींचं. राहतात माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडं, आणि कथा पोस्टानं! आत परतीसाठी तिकीट लावलेलं पाकीटसुद्धा. त्यांनी आयुष्यात लिहिलेली पहिली कथा, भाभींवर. मी दार लावून वाचली. त्यात एक बाई होती. मंद ज्योतीसारखी तेवायची. मृदू बोलायची. सगळं सोसायची आणि शेवटी हसतमुखानं डोळे मिटायची.

आता काय करावं? छापली तर त्यांना कळणार, की म्हाताऱ्याची कीव करून छापली. मग मी त्यांच्याच रीतीनं गेले. जिना चढले, कथा दोन्ही हातांत धरली.

"बिलकुल बराबर हाय, शेठजी. पन ही बाई कोन हाय?"

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. "माझी बायको."

"भाभी कधी तेवल्या हो? त्या तर भडकायच्या."

आधी ते हसले. खदाखदा हसले. मग चष्मा काढला, आणि हसणं कुठं संपलं ते मला कळलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच पाणी पीत बसले.

आठवड्यानं शेठजी चार पानं घेऊन आले. पहिल्याच ओळीत भाभी त्यांच्या चपलांवरून बोलत होत्या. मला हसू आवरेना. पुढच्या आठवड्यात आणखी पानं आली. त्यात भाभी आणि दूधवाला. मग भाभी आणि त्यांच्या नणंदेचं लोणचं. मग भाभींनी एका कवीला जिन्यावरूनच परत पाठवलं तो किस्सा. शेठजी पुन्हा दाढी करून खोलीत यायला लागले. येताना जिन्यावरच मोठ्यानं सांगत, "बाई, आज लई बोलली मला!"

दिवाळी अंक त्या कथेविनाच गेला. मी म्हटलं, "शेठजी, शेवट?"

"आजारपन पुढच्या हप्त्यात लिवतो."

पुढच्या हप्त्यात भाभी गच्चीवर पापड वाळवत होत्या. नंतरच्या अंकाची वेळ आली. मी पुन्हा विचारलं. तर माझ्यावरच चिडले. "आजून धडधाकट हाय ती, बाई. एवढ्यात कशी मारू?"

कथा लांबली होती. दुसऱ्या कुणाची असती, तर मी निम्मी कापून टाका म्हणाले असते. इथं मात्र पान मिळालं की वाचायची आणि म्हणायची, "मंग? पुढं काय म्हनल्या?"

या थंडीत एका दुपारी शेठजी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा शेवटची पानं घेऊन आला. म्हणाला, "काकू, पप्पांच्या आठवणीचा अंक काढू. कथा त्यात घ्या. शेवट तेवढा तुम्ही लिवा. मम्मी कशी गेली, तुम्ही व्हत्याच ना तिथं."

होते ना. खिडकीचा पडदा कोणत्या रंगाचा होता, तेही आठवतं. येत होतं मला लिहिता. मी ती पानं पुढ्यात घेतली. शेवटच्या पानावर उन्हाळ्यातली दुपार आहे आणि भाभी म्हणताहेत, "मोसंबी आना जाऊन. पातळ सालीची पाहून घ्या, अन् येताना मागं कथेवाला आनू नका." त्याच्या खाली शेठजींच्या अक्षरात एवढंच आहे: 'मी चपला घातल्या अन्'

पुढं पूर्णविरामसुद्धा नाही.

मी तसंच छापलं. मुलगा नाराज झाला. "अधुरं दिसून राह्यलं, काकू," म्हणाला. मी ऐकलं नाही.

अंक निघाल्यापासून फोन येताहेत. काल परतूरहून एका बाईंचा आला. त्रैमासिकाच्या जुन्या वाचक. घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारत होत्या, "ताई, माझ्या अंकात एक पान कमी हाय का हो? ते मोसंबी आनायला गेल्ते, मंग पुढं?"

"न्हाई हो बाई," मी म्हटलं, "तुमचा अंक बराबर हाय. ते आजून आले न्हाईत."