काचेमागचं कापड

सासूबाईंची नजर पार गेली, त्या वर्षी माझं घराबाहेर पडणंही गेलं. दर पाच मिनिटांनी खाटेवरून हाक, "आहेस का वो?" मोरीत गेले तरी हाक, भाजी फोडणीला टाकली तरी हाक. "आहे, आई, आहे! कुठं पळून जाऊन राहिली मी?" असं खेकसायचे आणि मग दिवसभर स्वतःलाच शिव्या घालायचे. त्या बाईनं उभा जन्म मागावर सूत हाताळलं होतं. आता हात रिकामे, आणि त्या रिकामपणाची सगळी शिक्षा मला.

एक दिवस चिडूनच, त्यांच्या बोटांना काही चाळा हवा म्हणून, शिवायला बसले. जुन्या सतरंजीवर हाताला लागेल ते जोडलं: धोतराचे लाल काठ, बारदानाचा खरबरीत तुकडा, फाटक्या दप्तराची चेन, घुंगरं, धान भरलेली पुरचुंडी, सूत न निघणारे रेशमाचे फुटके कोसे. गुलाबीशेजारी पोपटी, त्याला जांभळी झालर.

"रंग कोणते लावले?" आईंनी विचारलं. मी सांगितले.

"बाप्पा! एवढे कायले? मले कुठं दिसते?"

"मले दिसते ना," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि बोटं कामाला लागली. चेन उघड, मिट. घुंगरू हलव. "हा कोसा फुटका आहे, कोणं घेतला असा?" म्हणून मलाच रागवायच्या. पण दोन-दोन तास हाक नाही! खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी घाबरून दाराआडून डोकावले होते. त्या दोन तासांत मी माझं स्वतःचं शिवणं सुरू केलं. कोणासाठी नाही, कशासाठी नाही. चिंध्यांचा एक मोठा मासा, खवला उचलला की खाली वेगळाच रंग. लय दिवसांनी जीवाला बरं वाटलं.

आमच्या ह्यांचं कोशाच्या रेशमी कापडाचं दुकान. तिथं नियम एकच, मालाला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकानं बोट पुढं केलं की हे आधी हात पुसायला रुमाल देतात. आईंच्या कापडावर वरणाचे डाग, झालर लोंबलेली, हे बघून त्यांचा जीव कळवळला. मला न विचारता कापड भंडाऱ्याला घेऊन गेले, सोनेरी चौकट करून आणली, वर काच, आणि खाटेसमोरच्या भिंतीवर ठोकलं.

"आता काही नाही होत त्याले," म्हणाले. तोंडावर कौतुक मावत नव्हतं. अशा माणसावर ओरडावं तरी कसं?

आईंना त्यांनीच हाताला धरून भिंतीशी नेलं. आईंनी काचेवरून तळवा फिरवला. वरून खाली, मग पुन्हा वर.

"झकास झालं, बापू," म्हणाल्या.

हे दुकानात गेल्याबरोबर मी चौकटीचे स्क्रू काढायला पेचकस घेऊन आले. "काढून देते, आई."

"खबरदार! किती हौसेनं केलं त्यानं."

"मग दुसरं शिवून देते."

"नको. तेही तो काचंत टाकंल." त्यांचा हात चाचपडत माझ्यापर्यंत आला. पदर सापडला, तसा त्याचा काठ बोटांत चाळू लागल्या. "तू बस ना इथं. तू आहेस तं."

मी बसले. थोड्या वेळानं, आत अर्धा राहिलेला मासा आठवून, पदर हळूच ओढून पाहिला. त्यांनी मूठ आवळली.