ऑर्फा टटलचं चालतं हॉटेल

विलो बेंड गावातून आगगाडी जाणार, असं सगळे सहा वर्षं म्हणत होते. रूळ पडले ते दक्षिणेला, आणि स्टेशन झालं आठ मैलांवर. मग गावच उठलं आणि रुळांकडे निघालं. लोहारानं भाता नेला, पाद्रीबुवांनी चर्चची घंटा नेली, न्हाव्यानं आरसा पाठीला बांधला. मागे उरली ऑर्फा टटल आणि तिचं अकरा खोल्यांचं दुमजली लाकडी हॉटेल.

ऑर्फा पन्नाशीची, अंगानं आडवी, जिभेनं तिखट. नवरा गेल्यावर बारा वर्षं तिनं एकटीनं हॉटेल सांभाळलेलं. डाकोटाच्या त्या उघड्या माळावर तिच्या हातचे आंबवलेल्या पिठाचे घावन खायला माणसं वीस-वीस मैलांवरून घोडी पिटाळत येत. आता कोण येणार?

"हॉटेल मोडा आणि ओहायोला बहिणीकडे जा," एनॉक पर्डी म्हणाले. हे म्हातारे निवृत्त न्यायाधीश. नऊ वर्षं चार नंबरच्या खोलीत मुक्काम ठोकून होते.

"आणि तुम्ही कुठं जाल, जज्जसाहेब?"

जज्जसाहेबांनी बशीतला पुढचा घावन ओढला. एवढा विचार त्यांनी केला नव्हता.

ऑर्फानं निल्स ओकरब्लमला बोलावलं. या स्वीडिश गड्यानं अर्धं गाव घरांसकट ओढून नेलं होतं. त्यानं हॉटेलभोवती दोन फेऱ्या मारल्या, एका कोपऱ्याला लाथ घातली आणि म्हणाला, "नेऊ. जमीन गोठलीय तोवर. खाली ओंडके घालू, पुढं चाळीस घोडे जुंपू. फक्त आत माणूस नको."

"मी कायद्यानं चार नंबरचा रहिवासी आहे," जज्जसाहेब खुर्चीतून गरजले. "खोली निघाली तर मी खोलीबरोबर!"

"आणि माझं घावनाच्या पिठाच्या विरजणाचं मडकं बाहेर थंडीत गारठलं तर?" ऑर्फा म्हणाली. "मीही आतच."

निल्सनं आभाळाकडे बघून हात जोडले आणि कामाला लागला.

सोमवारी सकाळी हॉटेल कण्हत, कुंथत जागचं हललं. चूल पेटलेली, तिचं धुराडं खिडकीतून बाहेर काढलेलं. ऑर्फा गोधडीत गुंडाळलेलं मडकं मांडीवर घेऊन बाळंतिणीसारखी बसली होती. वरच्या खिडकीतून जज्जसाहेब ओरडत होते, "डावीकडे घे, निल्स! डावीकडे! न्यायाधीश म्हणून सांगतो!"

"घोड्यांना कायदा कळत नाही, साहेब!"

तीन दिवसांत पाच मैल गेले. चौथ्या दिवशी दक्षिणेचा कोमट वारा सुटला, बर्फ वितळलं आणि दुपारपर्यंत हॉटेल पहिल्या पायरीपर्यंत चिखलात रुतलं. घोडे गुडघाभर, निल्स कमरेएवढा.

त्यानं टोपी काढली. "आता पुढच्या थंडीत, बाई."

"म्हणजे कधी?"

"नोव्हेंबर."

"नोव्हेंबरपर्यंत मी या माळावर बसून राहू?"

"बसलेल्याच आहात की."

ऑर्फानं भिरकावलेला डाव निल्सच्या कानाजवळून गेला. मग ती पिठाच्या कोठीत गेली, दार लावून घेतलं आणि पोटभर रडली. विलो बेंडही गेलं, नवं गावही हाती लागलं नाही. ना घर का ना घाट का. दार उघडून आली तेव्हा नाकाला पीठ लागलं होतं. ते निल्स आणि जज्जसाहेब दोघांनाही दिसलं, पण बोलायची छाती कुणाची झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखे घावन टाकले. हाताला सवयच होती. नव्या स्टेशनाकडे जाणारे रूळ वळण घेत तिथून शंभर पावलांवरून जात होते आणि वारा रुळांकडे होता. आगगाडी आली, पुढे गेली, थांबली आणि चक्क मागे आली. इंजीनवाला उतरला. "चाकांतून काहीतरी आवाज येतोय, बघायला हवं," असं म्हणत तो चाकांकडे ढुंकूनही न बघता थेट जेवणघरात शिरला. त्याच्यामागून सव्वीस उतारू.

मग त्या चाकांतून रोज सकाळी त्याच जागी आवाज येऊ लागला. चिखल ओलांडायला उतारूंनी फळ्या टाकल्या. नव्या गावची माणसंही न्याहारीला तीन मैल पायपीट करत येऊ लागली. शेवटी नव्या स्टेशनचा मास्तर, क्लेम फॅरो, हातानं रेटायची ढकलगाडी घेऊन घामाघूम होत आला.

"बाई, इथं गाडीला थांबा नाही!"

"मी कुठं म्हटलं आहे म्हणून? गाडी तुमची, ती थांबते. घावन तेवढे माझे. बसा."

"मी तक्रार लिहिणार!"

"लिहा की. पण उपाशीपोटी लिहाल तर अक्षर खराब येईल."

क्लेम बसला. नऊ घावन खाल्ले. तक्रार काही लिहिली नाही. परत जाताना त्याची ढकलगाडी रेटायला मात्र दोन माणसं लागली.

असा उन्हाळा गेला. ऑर्फाला वाटू लागलं होतं की हीच जागा बरी. पण आसपास विहीर नव्हती, पाणी पिंपांतून आणावं लागे आणि क्लेमच्या वरिष्ठांनाही त्या चाकांचा संशय येऊ लागला होता. नोव्हेंबरात जमीन टणक झाली, तसा निल्स घोडे घेऊन हजर.

उरलेले तीन मैल दोन दिवसांत उरकले. हिमवादळ अंगावर येत होतं म्हणून घाईघाईत हॉटेल नव्या जागेवर टेकवलं आणि सगळे आत पळाले. वादळ ओसरल्यावर ऑर्फा ऐटीत पुढच्या व्हरांड्यात आली. समोर क्षितिजापर्यंत मोकळा माळ. गाव पाठीमागे! भर बाजाररस्त्याकडे तोंड करून उभं होतं ते तिचं स्वयंपाकघर.

"निल्स!"

"फिरवतो, बाई. चार दिवस लागतील." निल्स मान खाली घालून म्हणाला.

ऑर्फा तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवर धपधप पावलं वाजली. लोहार, न्हावी आणि मागून पाद्रीबुवा. "ऑर्फाबाई, न्याहारी आहे ना? वासानं धर्मशास्त्र सुचेना."

"फिरवू नका!" वरून जज्जसाहेब ओरडले. "माझ्या खिडकीत नऊ वर्षं माळच दिसतोय. आता बदल सोसणार नाही."

ऑर्फानं निल्सकडे बघितलं, घोड्यांकडे बघितलं आणि पदराएवढ्या मोठ्या ॲप्रनला हात पुसले. "राहू दे. भुकेलं माणूस व्हरांडा बघत नाही."

पुढं अठरा वर्षं ते हॉटेल गावाकडे पाठ करून उभं होतं. नावाची पाटी स्वयंपाकघराच्या दारावर लागली, आणि बडे पाहुणेसुद्धा चुलीला वळसा घालून, ऑर्फाच्या शिव्या खात वर जात. पुढच्या देखण्या व्हरांड्यात चादरी वाळत.