मिठावर उभी केलेली गाडी

पनवेलात मोटार मिठावर उभी करणारा माणूस मी एकटाच.

गव्हाणचं मिठागर सुटलं, आम्ही पनवेलला घर बांधलं आणि मी एक जुनी मोटार घेतली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शाळा माझी चौथीत सुटली, पण गाडीतलं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज होता. (गाडीचा तसा समज नव्हता.)

करंजाच्या कोळीवाड्यात हिराच्या भावाची हळद होती. हिरा म्हणजे माझी बायको. तिनं माहेरी आधीच सांगून ठेवलेलं, "या टायमाला आमी गाडीनं येनार." आणि आदल्या दिवशीच सायलेन्सर लोंबायला लागला.

"मेस्त्रीला बोलवा."

"मेस्त्री कशाला? मी मेलोय काय?"

"गाडीखाली गेलात का मराल."

मी जॅक लावून मागची बाजू उचलली. शेजारचे कुलकर्णी कुंपणावरून बघत होते. "काका, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका हं. तो घसरतो. लाकडाचे जाड ठोकळे द्या आधी."

ठोकळे कुठले आणू? पण पडवीत मिठाच्या गोणी होत्या. शेवटच्या पिकाच्या, जपून ठेवलेल्या, बसून बसून दगड झालेल्या. दोन्ही बाजूंना गोणी सारल्या, गाडी त्यांच्यावर टेकवली आणि जॅक काढून घेतला. गाडी हलली नाही.

"बघा," मी कुलकर्ण्यांना म्हटलं. "ठोकळे म्हणे."

आता खाली शिरायचं, तर वर सगळा चिखल. डोळ्यांत पडेल. शिवाय सासुरवाडीला गाडी चकचकीत दिसायला पाहिजे. म्हणून पाइप लावला आणि वरून खालून मनसोक्त धुतली. गाडीखालून पांढुरकं पाणी वाहत होतं. मला वाटलं, साबणाचं असेल. (साबण मी लावलाच नव्हता.)

मग उताणा झालो आणि डोकं आत घालणार, तेवढ्यात हिरानं पाय धरला.

"आदी चा प्या. गार होतोय."

कुरकुरत उठलो. बशी तोंडाला लावली आणि समोर गाडी खाली आली. धाडकन नाही. म्हातारा माणूस कण्हत कण्हत बसतो ना, तशी. सायलेन्सरची चपाती झाली.

हिरानं माझ्या हातातली बशी काढून घेतली. मग म्हणाली, "जनमभर मीठ पिकवलंत. पान्यात त्याचं काय होतं, ते ठाव नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी करंजाला एसटीनं गेलो. तिच्या भावजया आरतीचं ताट घेऊन रस्त्यावर उभ्या.

"गाडी कुठं हाय?"

मी चपलांकडं बघायला लागलो. हिरा अजिबात न हसता म्हणाली, "खारवत ठेवलीय. सुकली का आनू."

करंजाच्या लोकांना मासळी खारवायला शिकवावं लागत नाही. मला हळद फासताना जो तो विचारत होता, "भावोजी, उलटीपालटी करता ना तिला?"

आता हिरा नाही. पाय धरून मागं ओढणारं कोणी नाही, म्हणून मी गाडी विकून टाकली. रांधतो मीच. काल आमटी केली. मला खाववेना, म्हणून दारातल्या कुत्र्याला घातली. त्यानं हुंगलं, माझ्याकडं बघितलं आणि निघून गेला.

मिठागरवाला म्हणे मी.