कुसुमबाईंच्या चार थापा

"ढोलक मांगं-पुढं होऊन राह्यला, भाऊ. कॉम्प्युटरनं सरळ करा," हरीशभाऊ म्हणाले. त्यांचं सेलूला किराणा दुकान. केळझरच्या महिला भजन मंडळाची सीडी ते काढत होते. रेकॉर्डिंग माझ्या वर्ध्याच्या स्टुडिओत. कॉम्प्युटरवर काम सुरू करून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

ढोलकावर कुसुमबाई. घरची वांगी-टमाटरची शेती, मंडळात तीस वर्षं. हेडफोनमधल्या टिक-टिकीवर त्यांनी वाजवलं. गाणाऱ्या बाया दुसऱ्या खोलीत, त्यामुळे ढोलकाचा ट्रॅक वेगळा मिळाला होता.

मी तो क्वांटाइझ केला. स्क्रीनवर तालाच्या उभ्या रेघा असतात. मागं-पुढं पडलेली प्रत्येक थाप कॉम्प्युटर उचलून जवळच्या रेघेवर ठेवतो. आवाज कॉम्प्युटरमध्ये शिरतानाही तेच होतं. सलग चढउताराच्या बारीक पायऱ्या होतात, अधलंमधलं माप जवळच्या पायरीवर बसवलं जातं. बी.एस्सी.ला फिजिक्समध्येही हा शब्द होता. अणूतल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या, मधे उभं राहायची सोयच नाही. पण तिथं तो निसर्गाचा नियम. इथं बटण मी दाबलं होतं.

कुसुमबाईंनी ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"हे माह्या हातचं नाई. माहं नाव काढून टाका."

"काऊन बाई? ताल तं आता पक्का झाला," हरीशभाऊ म्हणाले.

"मंग गाणारीनं श्वास कुठं घ्याचा?"

त्या निघाल्याच होत्या. मी म्हणालो, "चूक कुठं आहे ते तुम्हीच दाखवा, बाई." मूळ ट्रॅक लावला. डोळे मिटून त्यांनी तो पुरा ऐकला. चार वेळा बोट वर केलं.

"ह्या चार चुकल्या. तिथं मी टिक-टिकीच्या नादी लागलती. बाकीच्याले हात नोका लावू."

मी स्क्रीनवर पाहिलं. त्या चारही थापा बरोबर रेघेवर होत्या. बाकी ठिकाणी दर चौथी थाप केसभर उशिरा होती, आणि दरवेळी तेवढीच. इतकी नेमानं येणारी गोष्ट चूक कशी म्हणायची?

"सीडी माही हाय. मले सरळच पायजे," हरीशभाऊ म्हणाले.

"मग दुसरा स्टुडिओ बघा," मी म्हणालो. त्या महिन्यात माझ्याकडे दुसरं काम नव्हतं. "पण उद्या एकदा ऐकून जा."

दुपारभर बसून त्या चार थापाही मी हातानं रेघेवरून काढून तेवढ्याच उशिरा बसवल्या. कुसुमबाईंनी होकार देईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी हरीशभाऊंना स्क्रीनकडे पाठ करून बसवलं. कॉम्प्युटरनं सरळ केलेला आणि कुसुमबाईंचा, दोन्ही ट्रॅक गाण्यासकट ऐकवले. कोणता कोणाचा, सांगितलं नाही.

"दुसरा घ्या," ते म्हणाले. "पह्यल्यात बाया धापा टाकून राह्यल्या."

"दुसरा कुसुमबाईंचा आहे."

त्यांनी खुर्ची स्क्रीनकडे वळवली. म्हणाले, "त्याहिचं नाव मोठ्या अक्षरात टाकजा."

सीडी तशीच निघाली. क्वांटाइझचं बटण मी आजही वापरतो. फक्त आधी वाजवणाऱ्याला विचारतो, चूक नेमकी कोणती.